वाकळ

सहा वर्षांची बनू डोकं भुईवर आपटायला लागली, की विजयमाला तिला वाकळेत गच्च गुंडाळून छातीशी धरायची. पोर निवायची. पण सासूला त्या आपटण्यात देवी दिसली. मंगळवारी पार पलूसहून बाया हळदीकुंकू घेऊन आल्या.

“देवीला बांधती व्हय गं?” म्हणत सासूनं वाकळ ओढून फेकली.

बनूच्या कपाळातून रक्त आलं. बायांनी हात जोडले.

तशी विजयमालेनं केस सोडले, अंगात आल्याचं सोंग घेतलं आणि ती घुमत ओरडली, “मी हिच्यात हाय, पोरीत न्हाई! जावा घरला!”

अंगण रिकामं झालं. आता सोंग पुरे, म्हणून ती थांबायला गेली. पण मान काही थांबेना.

मग बनूच वाकळ ओढत आईकडं आली.