एकशे सव्वीस पौंड

"गेस्के!" मापाड्यानं पुकारा केला.

कोणी हललं नाही.

"गेस्के, हार्मेन कुंभाराची बायको! आहे, का गेली धुराड्यातून उडून?"

तागाचे गठ्ठे घेऊन रांगेत उभे असलेले दोरवाले खो खो हसले. हार्मेननं कोपरानं ढोसलं, तेव्हा कुठे ती दचकून पुढे झाली. चार दिवस नावेत बसून तिचे पाय आखडले होते. नाव त्यांनी गावाबाहेर वेताच्या बेटात बांधून ठेवली होती. इथवर आले ते चालत.

समोर काटा टांगला होता. गाय उभी राहील एवढं एकेक पारडं! ताग, चीज तोलायचा काटा तो, पण चेटकिणीही त्याच्यावरच तोलायच्या. चेटकीण वजनाला हलकी असते म्हणे, नाहीतर झाडूवर बसून उडेल कशी? शिकल्यासवरलेल्या लोकांचं हे शास्त्र! हसावं की रडावं कळत नाही.

पण जीव टांगला होता तो त्याच शास्त्रावर. तिकडे सरहद्दीपलीकडे, बिशपच्या मुलखात, शेजारणीच्या ताकाला लोणी येईना. मग तिचं वासरू मेलं आणि आळ आला गेस्केवर. पाच महिने कोठडी. डावा अंगठा लोखंडी पकडीत घालून पिळला, तरी कबुली नाही. शेवटी न्यायाधीश कंटाळला. म्हणाला, हॉलंडातल्या काट्याचा दाखला संत योहानच्या सणाआधी आणून दाखवा, नाहीतर चिता रचायला घेतो. सणाला आठ दिवस उरले होते.

"बेरेंट सुताराची लेक तूच ना?" मापाड्यानं विचारलं.

"हो, त्यांचीच."

"कोठडीत बरंच खायला घालतात म्हणायचं तुमच्याकडे!"

"सुटल्यापासून सारखी चारतोय हो मी," हार्मेन घाईघाईनं म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

सुईण तिला आडोशाला घेऊन गेली. अंगावर नुसता झगा ठेवायचा, पाय अनवाणी, केस मोकळे. शिवणीत शिसं दडवलेलं नाही ना, हे बघायचं काम सुईणीचं. ती कपडे उतरवायला लागली तसा हार्मेन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अगं बाई, भलताच लाजरा गं तुझा नवरा! पोरंबाळं काय वाऱ्यानं झाली?"

तिला हसू फुटलं. अशा वेळी हसू कसं आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

सुईणीनं तिच्या एप्रनचा ओचा झटकला. त्यातून अर्धा पाव खाली पडला.

"हे काय? वजन वाढवायला?"

"नाही हो. नाश्त्यातला राखून ठेवला. परतीच्या वाटेला."

"बरं, ठेव परत. खुणा सांग. दाखल्यात लिहाव्या लागतात." सुईणीनं तिचा डावा हात उचलून उजेडात धरला. नख काळंठिक्कर, अंगठा सुजलेला. सुईण बराच वेळ बघत राहिली. "कधीचं हे?"

"लेंटच्या उपासातलं."

"तीन महिने झाले की मग. अजून ओलंच आहे."

"भरतच नाही मेलं."

सुईणीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. आता ही ओरडणार, आता सगळं संपलं! पण म्हातारीनं हात हलकेच खाली सोडला आणि बाहेर कारकुनाला ओरडून सांगितलं, "केस पिंगट! डावा अंगठा काळा, जखम जुनी!"

ती पारड्यात चढली. लोखंड पायाला गार लागलं. पलीकडच्या पारड्यात वजनं पडायला लागली. धप्प. धप्प. तिनं डोळे मिटून घेतले. देवा, एवढी एक वेळ निभावून ने. मग पुढे काय शिक्षा द्यायची ती मला दे.

पारडं डुललं, वर गेलं, खाली आलं आणि थांबलं.

"एकशे सव्वीस पौंड!" मापाडी ओरडला. "बांध्याला साजेसं. निसर्गनियमाला धरून. लिहा!"

ती पारड्यातच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मघाशी खिदळणाऱ्या दोरवाल्यांतल्या एकानं टोपी काढली. दुसऱ्यानं बिअरचा पेला पुढे केला. "घ्या हो वहिनी! उडणारी बाई एवढी जड नसते!"

तिनं पेला एका दमात रिकामा केला. जन्मात एवढी गोड बिअर ती प्यायली नव्हती.

दाखल्यावर लाखेचा शिक्का उमटला. वेस ओलांडेपर्यंत दोघं मागे न बघता झपाझप चालले. ओलांडली आणि हार्मेन बांधावर बसून पोरासारखा रडायला लागला. मग हसला. मग परत रडला.

"आता पुरे," ती म्हणाली. तिच्याही गालांवर पाणी होतं. "चल लवकर. उन्हं चढली."

वेताच्या बेटात नाव होती तिथेच होती. तिनं पाल उचललं. खाली घोंगडीत एक बाई निजली होती. नुसता हाडांचा सापळा. ती वाकली आणि बाईला एका हातानं उचलून छातीशी धरलं. चिपाडासारखी वर आली. ओच्यातला पाव पाण्यात बुडवून तिनं तिच्या ओठांना लावला, आणि शिक्क्याचा कागद तिच्या मुठीत दिला, तेव्हा दोघींचे काळे अंगठे शेजारीशेजारी आले.

"ताई, काय झालं गं?" बाईनं विचारलं.

"ऊठ, गेस्के," ती म्हणाली. "तू एकशे सव्वीस पौंड भरलीस."