कागदी वाडगा

नाब्लुसमधल्या त्या गल्लीत शेजारणीचा वाडगा रिकामा परत करणं म्हणजे अब्रूच घालवणं. म्हणून रमजानात शेजारच्या रुलाने मसुराचं सूप दिलं, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या वदादखाला वाडग्यात सुकी अंजिरं घालून तो पोचवायला जायच्या आणि गप्पा मारत तासभर बसायच्या.

आज रुला कागदी वाडगा घेऊन आली. "खाला, सूप प्या आणि वाडगा द्या फेकून! या वयात परतफेडीची दगदग कशाला? तुमची अंजिरं घेताना मलाच ओशाळल्यासारखं होतं."

"गुणाची गं माझी पोर," म्हणत खालांनी तिला दुवा दिली.

ती गेली. खाला बंद दाराकडे बघत राहिल्या.

"पण बये, आता तुझ्याकडे यायला निमित्त कुठून आणू?"