टँकरच्या रांगेतली खुर्ची

हसवायचं तर खुशाल हसवावं, पण त्यासाठी दर गावात गुरम्माच्याच नवऱ्याला मारायचं, ही शिवमूर्ती लेखकांची रीत गुरम्माला मुळीच पसंत नव्हती. किल्लारीत मारलं. औशात मारलं. निलंग्यात तर लोकांनी फर्माईश केली म्हणून एका बैठकीत दोनदा मारलं. आता आज लातूर.

लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष चाललं होतं आणि पाऊस रुसून दुसरं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या कोऱ्या, नळ कोरडे ठाक. अशात वाचनालयाच्या मंडळींनी शिवमूर्तींचं कथाकथन ठेवलं, तेही दुपारी चारला. संध्याकाळी टँकर यायचा, आणि टँकर सोडून सभेला कुत्रंसुद्धा आलं नसतं.

गुरम्मा दुसरीपर्यंत शाळेत गेली होती. उरलेलं शिक्षण तिनं लोकांना बोलून पुरं केलं. बहीण उमाबाईच्या ओसरीवर बसून ती सकाळपासून एकच म्हणत होती, की एकाच माणसाला माणसानं मारावं तरी किती वेळा, त्याला काही हिशेब? त्यात आपलं नाव घालून. गोष्टीची सुरुवातच मुळी अशी होती: ‘गुरम्माचा नवरा मेला आणि टँकर आला, दोन्ही एकदमच.’

किल्लारीत कार्यक्रम सुटल्यावर एक बाई कुंकू लावत फिरत होती. गुरम्माचं नाव ऐकलं आणि तिचा हात आखडला. गुरम्मानं करंडा तिच्या हातातून घेतला, रुपयाएवढं कुंकू आपणच लावलं आणि करंडा परत देताना सांगितलं, की बाई, गोष्ट कानानं ऐकावी, कपाळानं नव्हे. त्याच दिवशी तिनं शिवमूर्तींना बजावलं होतं: लातूरपर्यंत सांगा, पुढचं मी लातुरात ठरवीन. माझं नाव, माझा शब्द. शिवमूर्तींनी मान डोलावली होती. गुरम्मा नको म्हणाली तर गोष्ट बंद, आणि ती गोष्ट बंद म्हणजे नायगाव-नांदेडचा दौरा आळणी.

उमाबाईनं समजावलं, की जे काय सांगायचं ते एकांतात सांग, भरल्या सभेत नको. गुरम्मा म्हणाली, “सभेत मारतेत, तर सभेतच अडवीन. खुर्ची रांगेत ठेवली की उठते बघ मी.”

चार वाजता सभागृह गच्च भरलं. पुढं नव्या जिल्ह्याचे साहेब लोक, मागं पेठेतले दुकानदार. मंडळाच्या महादेवप्पांनी सत्काराला हार न देता पाण्यानं भरलेला तांब्या दिला, त्यावर टाळ्या अशा पडल्या की गोष्टीआधीच सभा जिंकली.

शिवमूर्ती उठले. गुरम्माचा नवरा मेला आणि टँकर आला.

लिंगायताचं मयत, म्हणून रीतीप्रमाणं आंघोळ घालून, भस्म लावून, खुर्चीत ताठ बसवलेलं. गळ्यात हार. खुर्ची उचलून माणसं निघाली, तर वळणावर हॉर्न वाजला. खांदेकऱ्यांनी खुर्ची रांगेत टेकवली आणि हंडे आणायला घराकडं धूम ठोकली. टँकरवाला आला. बघतो तर अख्ख्या गावात एकच माणूस असा, जो ढकलत नाही, भांडत नाही, आईबहीण काढत नाही. त्यानं हात जोडले आणि पहिले दोन हंडे त्या माणसाला दिले.

गुरम्मा उठली. उमाबाईनं पदर धरला. तेवढ्यात मागची एक म्हातारी हसता हसता गुरम्माच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “बसा की वो, दिसंना. आमच्या घरी बी असा एक पाहिजे हुता. आमचं तर जित्तं असून रांगेत उभं राहंना.”

गुरम्मा बसली.

पुढं गावानं ठराव केला, की दुसरा टँकर येईपर्यंत मयत उचलायचं नाही. शेजारणी दारात आल्या, उद्या आमच्याकडून बसवता का म्हणून. तिसऱ्या दिवशी तर शेजारच्या गावाची बैलगाडी मागणं घेऊन आली. साहेब लोकांचे चष्मे उतरले. महादेवप्पा उपरण्यात तोंड घालून हुंदके दिल्यासारखे हसत होते. आणि गोष्टीतली गुरम्मा? ती पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्याला पदर लावून कोपऱ्यात बसली होती. खरी गुरम्मा मात्र पोट धरून हसत होती आणि हसताना स्वतःवर चिडत होती.

“मालक खुर्चीत बसले हुते, हे खरं,” सभा सुटताना ती उमाबाईला म्हणाली, “टँकर आला, हे बी खरं. बाकी सगळं या माणसाच्या पोटातलं.”

ती मंचामागं गेली. शिवमूर्ती सत्काराचं पाणी पीत होते. तिला बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं. महादेवप्पा बाजूला सरकले. शिवमूर्तींनी अंदाज घेत विचारलं, की लोक तर हसले, तूही हसलीस, मी बघितलं. मग नायगावचं काय? सांगायची का नाही?

गुरम्मानं पदर खोचला. आवाज चढवला नाही.

“दर गावात खुर्चीत बसून तुम्हीच मरायचं, पाणी मिळवायचं, टाळ्या घ्यायच्या, आन् मला एवढासा कोपरा? बास झालं, मालक. उद्या नायगावात मी मरणार, आन् उपरणं डोळ्याला लावून कोपऱ्यात तुम्ही रडायचं.”