नऊ मीटर

टेप खाली खाली गेली आणि खट्कन दगडावर टेकली. पाण्याचा आवाज झालाच नाही. एकवीस मीटर. अझीम तांबोळींनी वाकून पाहिलं. भूजलाची मोजणी ही त्यांची सरकारी नोकरी. पण सर्जेरावांच्या या विहिरीत ते सहा वर्षांत पहिल्यांदाच डोकावत होते.

एरवी गरजच पडत नसे. वर्षातून चारदा ते सोलापूर रस्त्यालगतच्या या मळ्यावर यायचे, ओसरीत चहा प्यायचे आणि तिथेच फॉर्मवर लिहायचे : पाणी नऊ मीटरवर. दर वेळी नऊ बरं दिसत नाही म्हणून कधी साडेआठ, कधी सव्वानऊ. तेवढी मेहनत ते घेत. पाणी खोल गेल्याचं लिहिलं असतं तर हा सगळा पट्टा लाल यादीत गेला असता, आणि लाल यादीत पाणी उपसून विकायला बंदी. मग सर्जेरावांच्या चौदा टँकरांनी काय करायचं? शेजारच्या भैरूची विहीर आटली, पलीकडे मुक्ताबाईंची आटली. पण मोजणीला नेमलेली विहीर एकच, सर्जेरावांची. परतताना अझीमभाईंच्या स्कूटरला कधी आंब्याची पेटी असे, कधी पाय बांधलेली गावरान कोंबडी.

यंदा नियम आला : टेप विहिरीत सोडतानाचा फोटो मोबाइलवरून चढवायचा. शेवटची तारीख आजची. आणि आजच संध्याकाळी त्यांच्या मुलीचा, नाजिमाचा निकाह. चारशे माणसांची दावत. आठ दिवस पुण्यात कुणाला टँकर मिळत नव्हता. यांच्या दारात मात्र सकाळी सातलाच उभा राहिला. सर्जेरावांचा आहेर.

खालून वास वर आला तसा त्यांनी रुमाल नाकाला लावला. तळाच्या दगडांमध्ये काळा, बुडबुडणारा गाळ. त्यात चहाचे कागदी कप, लहान मुलाचा लंगोट, फुगलेला उंदीर. आणि बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेलं एका पाइपाचं तोंड. त्यातून पिवळसर काहीतरी संथपणे ठिबकत होतं. पाइप कुठून येतो ते विचारायलाच नको होतं. वर, विहिरीला लागून, सर्जेरावांच्या मंगल कार्यालयाच्या संडासांची रांग होती.

“हे कधीपासून?”

“कार्यालय बांधलं तवापासनं,” सर्जेराव म्हणाले, छप्पर गळतंय म्हणावं तसं. “पाणी होतं तवर दिसत नव्हतं, एवढंच.” त्यांनी सीलबंद बाटली पुढे केली. “घ्या, हे बाटलीतलं हाय. आमच्या घरात हेच पितात.”

अझीमभाईंना सहा वर्षांचे चहा आठवले. एकेक कप, ओळीने. त्यांनी बाटली घेतली नाही; सर्जेरावांनी ती फोडून स्वतःच घोट घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. बायको, रुकसाना. आवाजात लग्नघराची घाई. टाकी भरली. आचाऱ्याने तांदूळ भिजत घातले. सरबतही कालवलं; पोरींचं चाखूनही झालं. पाण्याला जरासा वास येतोय, पण आचारी म्हणतो विहिरीचं असंच असतं.

“सगळं ओतून दे,” अझीमभाई म्हणाले. “तांदूळ, सरबत, सगळं. का ते विचारू नकोस. मी दुसरं पाणी पाठवतो.”

फोन ठेवून ते वळले. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सर्जेरावांकडून खरं पाणी हवं होतं.

“एक टँकर द्या. दुसऱ्या कुठल्याही विहिरीचा. पैसे मोजून घेतो.”

सर्जेरावांनी बाटलीचं झाकण सावकाश लावलं.

“दुसरी विहीर कुठली आणता, साहेब? सकाळी तुमच्याकडं धाडला त्यो हिच्यातलाच, शेवटचा. आता या पट्ट्यात पाणी हाय ते फकस्त तुमच्या कागदावर. नऊ मीटरवर.”