जावयाची टागालोग

इथे अमेरिकेत आमच्या शेजारी राहणाऱ्या लूर्डेसने मुलगी, मारिसेल, बोलायला लागल्यापासून घरात टागालोगवर बंदी घातली होती. टागालोग म्हणजे त्यांची फिलिपाइन्सची भाषा. "त्याने पोरीचं इंग्लिश बिघडतं," असं ती मला ठणकावून सांगायची. परिणाम असा, की मारिसेल तिशीची झाली तरी मनिलाच्या आजीशी व्हिडिओ कॉलवर तिला फक्त हसता आणि हात हलवता यायचं.

परवा मारिसेलचा होणारा नवरा पहिल्यांदा जेवायला आला. ब्रॅड, ओहायोचा, गोरापान. मीही होते. दारातच त्याने लूर्डेसचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला, त्यांच्यात थोरामोठ्यांना असाच नमस्कार करतात, आणि चक्क टागालोगमध्ये तिची खुशाली विचारली. लूर्डेसच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती हुशार मुलगा आहे!" असं तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि तिथल्या तिथे मनिलाला फोन लावला. आजी आणि ब्रॅड किती तरी वेळ खिदळत होते. मारिसेल मध्ये बसून दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

फोन ठेवल्यावर ती हळूच म्हणाली, "मॉम, मलाही शिकव ना. आजीशी एकदा तरी बोलायचंय मला."

लूर्डेसने मायेने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"शीक ना बाळा, जरूर शीक. पण माझ्याकडून नको, ब्रॅडकडून शीक. त्याचे उच्चार अमेरिकन आहेत."