गोंदणासकट

दुकानदारानं तिसरा कॅमेरा काचेवर ठेवला तोवर मालनबाईचा पारा चढला होता. कोठी बाजारातल्या त्या दुकानात पाऊल टाकल्यापासून तो तिच्या मुलाशी, एकट्या अमरदीपशीच बोलत होता. पेन्शनचे पैसे पदराला बांधून आलेली त्याची आई जशी काही तिथं नव्हतीच.

"किसके वास्ते होना, सर? बजेट कित्ता?"

"घरातलेच फोटो. ज्यादा महंगा नक्को," अमरदीप म्हणाला.

"मला विचार की!" मालनबाई मध्येच कडाडली. "मी मेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो काढायचाय. याच्या बापाच्या शेजारी."

"आई, दुकानात काय हे!"

"मग कुठं सांगू? तुझ्या बापाचा फोटो त्या स्टुडिओवाल्यानं रेल्वेच्या आयकार्डावरून मोठा केला, अन् भुवईवरचा वणच खाल्ला. तेव्हापासून कुण्या परक्या माणसाला हार घालतेय मी."

दुकानदार हसला. त्यानं सगळ्यांत महागाचा कॅमेरा तिच्यासमोर धरला, बटण दाबलं आणि पडदा तिच्याकडं वळवला.

"देखो अम्मा, चेहरा कैसा साफ आया! दाग-वाग सब निकाल दिया इसने."

मालनबाईनं चष्मा पुसून पाहिलं. कुणी गोरीपान, गुळगुळीत बाई होती. कपाळ कोरं. हनुवटी कोरी.

तिचा हात आपसूक कपाळाकडं गेला.

"दाग? दाग किसको बोला रे?" बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "माझ्या मायनं मांडीत डोकं दाबून धरून गोंदवलंय हे. मी रडले, लाथा झाडल्या, तरी सोडलं नाही तिनं. तिचा एक फोटो नाही माझ्यापाशी. एवढंच काय ते तिचं हाय. अन् तुझा हा डबा ते पुसून टाकतो?"

"आई, जरा हळू…"

"तू गप! तुलाबी गोरी मायच पायजे असंल."

दुकानदारानं आधीचा, सगळ्यांत साधा कॅमेरा उचलला. "इसमें वो सब नहीं है, अम्मा. जैसा है, वैसाच आता." त्यानं बटण दाबलं.

पडद्यावर सुरकुत्या होत्या, पडलेल्या दाताची फट होती, कपाळावर अन् हनुवटीवर हिरवं गोंदण होतं. डोळ्यांत अजून जाळ होता.

"कॅमेरा हाच घेऊ," अमरदीप चाचरत म्हणाला. "पण फोटो घरी गेल्यावर दुसरा काढू. यात तू फार चिडलेली दिसतेस."

मालनबाई पदराची गाठ सोडायला लागली.

"राहू दे. हार घालताना तुला ओळखू यायला नको?"