लेकीच्या घरचं

“नुसतं जाऊन बसा त्यांच्याजवळ, सर,” डॉक्टर नगमा म्हणाल्या. “मी समजावून थकले. ऑपरेशनचं चित्र काढून दाखवलं. मुलीची किडनी जुळते, मुलगी तयार आहे, आणि ह्यांचं आपलं नाही म्हणजे नाही. आता तुम्हीच वळवा.”

गोवर्धन सर व्हरांड्यातच थांबले. अमरावतीच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं होतं, पण वळवलं मात्र कोणालाच नव्हतं. निवृत्तीनंतर अकोल्याच्या ह्या दवाखान्याने त्यांना नीतिसमितीवर घेतलं. रुग्णाच्या बाबतीत योग्य काय, असा पेच पडला की डॉक्टर त्यांना बोलावत.

“वळवणं माझं काम नाही हो,” ते पुटपुटले. “नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे. ते ‘नाही’ नीट विचार करून आलंय का, एवढंच मी पाहू शकतो.”

पण नगमा मॅडम पुढच्या खोलीत गेल्याही होत्या.

तेल्हाऱ्याचे नत्थुजी नुकतेच डायलिसिस आटोपून, हातावरची पट्टी दाबून धरत खाटेवर बसले होते. सरांना पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

“तुमी बी चित्र काढता का?”

“मला चित्र येत नाही,” सर म्हणाले. येताना बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं उडून गेली. तोंडातून निघाला तो एकच शब्द, तोही लहानपणचा. “काहून?”

“काय काहून?”

“नाही काहून म्हणता?”

नत्थुजी वळले. इतक्या दिवसांत ‘का’ म्हणून त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. म्हातारा ऑपरेशनला भितो, असं सगळे धरून चालले होते.

“चंदा पातूरले देली,” ते हळूच म्हणाले. “लेकीच्या घरचं खात नसते आमच्यात. तिच्या घरी गेलो तर चहा बी मी शेजारच्याकडं पेतो. अन् आता तिची किडनी घेऊ? कोन्त्या तोंडानं?”

“हे तिला सांगितलं?”

“तिले काय सांगा लागते?”

“सांगून पाहा. त्यानंतरही तुमचं नाही असेल, तर कोणी तुमच्यामागे लागायचं नाही, असं मी डॉक्टरांना सांगेन.”

नत्थुजींनी कशीबशी मान हलवली, तेव्हा सरांनी दार उघडून चंदाला आत घेतलं. बापाने खाली बघत सगळं सांगितलं. चंदाने कमरेवर हात ठेवून ऐकलं.

“असं व्हय! अन् मी इकडं वेड्यावानी रडून राहिली! बाबा, किडनी मले का सासूनं देली? तुमच्याच घरून तर घेऊन गेली मी. आंदणातली समजा. आंदणातल्या बाकी भांड्यायले पोचे पडले, हे तेवढी शाबूत आहे.”

नत्थुजींनी मान वर केली. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते खो-खो हसत सुटले.

“वकील व्हय हे पोट्टी, सर! हिच्याशी कोन जिकन? घेतो म्हना डॉक्टरीनबाईले.”

हसण्याचा आवाज ऐकून नगमा मॅडम डोकावल्या. “वळवलंत ना शेवटी!”

सरांनी घसा खाकरला. हे हसू मोडायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

“अजून झालं नाही,” ते म्हणाले. “मला चंदाताईंशी बोलायचं आहे. तुम्ही कोणी नसताना.”

“आता तिले काय इचारता?” नत्थुजी म्हणाले. “ते तर तयारच आहे.”

“असेल. पण तिलाही नाही म्हणायचं असलं, तर म्हणता यावं. तुमच्यासमोर ती कशी म्हणणार?”

नगमा मॅडमनी कपाळाला हात लावला. चंदाला हसू फुटलं. नत्थुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलं. मग पायाने चाचपून त्यांनी चप्पल शोधली, खाटेला धरून उठले आणि दाराशी थांबले.

“इचारा,” ते म्हणाले. “लगनात म्या इचारलं नोतं.”

मॅडमना बाहेर घेऊन त्यांनी स्वतःच दार ओढून घेतलं. व्हरांड्यात त्यांची बायको ‘काय झालं वो, काय झालं’ म्हणत पुढे आली असावी, कारण लगेच त्यांचा दरडावलेला आवाज आत ऐकू आला.

“चूप राय व जमुना! अंदर आपल्या चंदाले इचारून राहिले.”